पाव टक्का

सकाळी दहाला ते टीव्हीवर येतात.
मागे निळा पडदा, समोर पाण्याचा ग्लास,
ग्लासावर कागदी झाकण.
बत्तीस वर्षं रावपुऱ्याच्या शाखेत मी कॅश मोजली.
स्पंजची डबी असायची, ओली,
अजून पेपर चाळताना
उजवा अंगठा आपसूक तिला शोधतो.

ते म्हणतात, पाव टक्का.
बाकीचं सगळं भाषण म्हणजे
त्या दोन शब्दांभोवती गुंडाळलेला कागद.

दर चढले होते तेव्हा
शर्वाणीच्या मोबाईलवर टिणकन वाजलं:
हप्ता तोच, मुदत वाढली.
एकशे ऐंशी महिने होते, दोनशे एकतीस झाले.
सही कुणी मागितली नाही.
मांजलपूरच्या दोन खोल्या, गॅलरीत तुळस नि वॉशिंग मशीन.
"बाबा, फिटेल तेव्हा मी किती वर्षांची असेन?"
पंचावन्नाच्या जागी एकोणसाठ, मी म्हणालो.
मोजणं हाच माझा धंदा.
ती डबा भरत राहिली,
पोळ्यांमध्ये कागद घालायचा राहून गेला.

आता उतरले.
उतरले की माझी पाळी.
मुदत ठेवीची पावती घेऊन गेलो,
माझ्याच जुन्या खिडकीत बसलेली पोरगी अदबीनं म्हणाली,
काका, नवा दर आजपासून.
आणि मुलीच्या कर्जाचा?
तो रिसेटच्या तारखेला. तीन महिन्यांनी बघू ने.

कर्जाचा दर लिफ्टनं चढतो,
उतरतो जिन्यानं, पायरी-पायरीवर दम खात.
ठेवीचं बरोबर उलटं.
आणि आमची आमटी एकाच पातेल्यात.
वर गेला की तिच्या ताटातून,
खाली आला की माझ्या.
शिरस्त्याप्रमाणे दोनदा मोजलं,
दोन्ही वेळा गल्ल्यात कमी.

कॅशियरला फार अर्थशास्त्र कळत नाही.
एवढंच कळतं की नोट विरघळत नसते,
कमी पडली म्हणजे कुठल्यातरी बंडलात
एक जास्त गेलेली असते.

भायली रस्त्यावर बावीस मजले अर्धवट उभे आहेत,
गजांना गंज, वरच्या माळ्यावर घारी.
कर्ज बुडालं, मग मिटवलं,
रुपयाला चौदा पैसे घेऊन.
त्याला म्हणे हेअरकट म्हणतात.
मालकाच्या मुलाचं लग्न झालं परवा,
आमच्या गल्लीपर्यंत फटाक्यांचा धूर.
माझ्या न्हाव्यानं, रमणीकनं, साठाचे ऐंशी केले,
ब्लेड महागलं म्हणाला,
आणि कापायला उरलंय काय, हेही म्हणाला.

सत्त्याऐंशी साली माझ्या गल्ल्यात चारशे रुपये कमी आले.
वसुबारस होती.
नियम असा की कमी आले तर कॅशियरनं खिशातून भरायचे.
भरले. त्या वर्षी कुसुमनं करंज्या केल्या,
साडी घेतली नाही, आणि विषय काढला नाही,
हे जास्त लागलं.
तो नियम कितव्या मजल्यापर्यंत लागू आहे
ते बँकेनं मला निवृत्तीपर्यंत कळवलं नाही.

महागाई आटोक्यात आहे, टीव्ही सांगतो.
कुणाची टोपली तोलतात देव जाणे.
खंडेराव मार्केटात रईबेन लिलवा तोलते
तेव्हा काटा माझ्याकडे बघत नाही,
तीही बघत नाही.

संध्याकाळी लालबागेच्या बाजूला गाडीवर उसळ खाल्ली.
पूर्वी पाव मागाल तितके.
आता भीखाभाई चिमट्यानं तीन टाकतो,
चौथ्याचे वेगळे.
मी म्हटलं, अरे, आज पाव कमी झाला, ऐकलं नाहीस का?
त्याला कळलं नाही.
तर्री वाढून मात्र दिली.

सुटे परत घेताना अंगठा जिभेला लागलाच,
तिखट होता.
मोजले. दहाची एक जास्त आली होती.
परत मोजले.
दिली परत.